यादी लावलेली असूनही संगणक शोधत का बसतो?



आपल्या वर्गात "आई काय काम करते? बाबा काय काम करतात?" असे विचारले, की बरीच मुले "कॉम्प्युटरवर काहीतरी करतात" एवढे सांगून मोकळी होतात. ते 'काहीतरी' नेमके काय असते, हे मुलांना ठाऊक नसते. मग एखाद्या रात्री दोन वाजता फोन वाजतो, आई किंवा बाबा डोळे चोळत लॅपटॉप उघडतात आणि सकाळी घरात सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असतात. "काय झाले होते?" याचे उत्तर मिळते, "काही नाही, एक क्वेरी अडकली होती."

ही क्वेरी म्हणजे काय आणि ती अडकते का, हे या अंकात सांगायचे आम्ही ठरवले आहे. संगणकाच्या क्षेत्रातल्या पालकांना यातले बरेच माहीत असेल. त्यांनी हा लेख मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. म्हणजे मुलांचे मराठी वाचन होईल आणि आई-बाबांचे कामही त्यांना कळेल.

सूची म्हणजे काय?

मोठ्या गटातल्या मुलांना शब्दकोश पाहायला शिकवताना आम्ही आधी वर्णमाला पाठ करून घेतो. 'चिमणी' शब्द शोधायचा असेल तर आधी 'च' कुठे सुरू होतो ते पाहायचे, मग 'चा'च्या पुढे 'चि' गाठायचे. अर्ध्या मिनिटात शब्द सापडतो. शब्द क्रमाने लावलेले नसते तर पहिल्या पानापासून एकेक शब्द वाचत बसावे लागले असते.

संगणकातल्या माहितीच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. त्यात माहितीचे तक्ते असतात. आपल्या वर्गाच्या हजेरीपटासारखाच तक्ता: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात जन्मतारीख, तिसऱ्यात गाव. ज्या क्रमाने माणसे आली, साधारण त्या क्रमाने ओळी पडत जातात. म्हणून शोध सोपा व्हावा यासाठी वेगळी सूची करतात. नावांच्या सूचीत सगळी नावे क्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे "ही ओळ तक्त्यात अमुक ठिकाणी आहे" अशी खूण असते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते आणि तिच्यात पानांचे आकडे असतात, तसेच हे.

क्रमाने लावलेल्या यादीत किती लवकर सापडते, त्याचा एक खेळ करून पहा. मित्राला १ ते १००० मधला एक आकडा मनात धरायला सांगा. तुम्ही "५०० पेक्षा मोठा आहे का?" असे विचारा. उत्तर मिळाले की अर्धे आकडे बाद झाले. उरलेल्यांचे पुन्हा अर्धे करा. दहा प्रश्नांत आकडा सापडतोच. १० लाख नावे असली तरी याच रीतीने २० प्रश्न पुरतात. दुपटीने वाढवत गेले तर विसाव्या पायरीला १०,४८,५७६ येतात. पालकांनी हे मुलांकडून पाटीवर करून घ्यावे.

डेटाबेस यापेक्षाही हुशार रीत वापरतात. १९७० साली रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट हे दोघे बोईंग या विमाने बनवणाऱ्या कंपनीत काम करीत असताना त्यांनी 'बी-ट्री' नावाची रचना मांडली. ती १९७२ साली नियतकालिकात छापून आली. यातला 'बी' कशाचा, हे त्या दोघांनी कधी स्पष्ट केले नाही, ही एक गंमतच! झाडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना पाने, तशी ही रचना असते. समजा, प्रत्येक ठिकाणी २०० फांद्या फुटतात. तर तीनच पायऱ्यांत २०० गुणिले २०० गुणिले २००, म्हणजे ८० लाख नोंदींपर्यंत पोचता येते. आजही बहुतेक डेटाबेसमधल्या सूच्या याच झाडाच्या जातीच्या असतात.

फंक्शन म्हणजे पिठाची चक्की

आता दुसरा शब्द, फंक्शन. चक्कीत गहू टाकले की गव्हाचे पीठ पडते, ज्वारी टाकली की ज्वारीचे. फंक्शनही तसेच. आत काहीतरी टाकायचे, बाहेर काहीतरी मिळते. जन्मतारीख टाकली की महिना काढून देणारे एक फंक्शन, नाव टाकले की त्यातली अक्षरे मोजून देणारे दुसरे.

काही चक्क्या डेटाबेसबरोबर तयारच मिळतात. पण प्रत्येक कचेरीची गरज वेगळी, म्हणून कामावरची माणसे आपापली चक्की बनवतात. शाळेला मुलाची इयत्ता काढणारे फंक्शन लागते, बँकेला व्याज काढणारे. अशा घरी बनवलेल्या फंक्शनमुळे काम सुटसुटीत होते. नियम एकाच जागी लिहायचा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. म्हणून ती बनवणे वाईट नाही, उलट चांगलीच सवय आहे. पंचाईत होते ती त्यांचा उपयोग शोधाच्या अटीत केल्यावर.

मग अडते कुठे?

एक कोडे घालतो. मराठी आडनावांची मोठी यादी वर्णक्रमाने लावलेली आहे. तिच्यातून 'कर' ने संपणारी सगळी आडनावे काढायची आहेत. गावसकर 'ग'मध्ये आहेत, तेंडुलकर 'त'मध्ये, मंगेशकर 'म'मध्ये. यादी क्रमाने लावलेली आहे, पण तो क्रम आहे पहिल्या अक्षराचा आणि आपण विचारतो आहोत शेवटच्या अक्षरांचे. मग काय करणार? पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक आडनाव वाचायचे. यादी लावलेली असून नसल्यासारखीच!

संगणकाचेही अगदी असेच होते. सूची लावलेली असते मूळ दाण्यांची. आपण विचारतो, "ज्याचे पीठ असे असे पडेल, तो दाणा कोणता?" कोणत्या दाण्याचे पीठ कसे पडेल हे संगणकाला आधी ठाऊक नसते. आपण लिहिलेले फंक्शन त्याच्या दृष्टीने बंद पेटी असते. म्हणून तो बिचारा सूची बाजूला ठेवतो, तक्त्यातली एकेक ओळ उचलतो, चक्कीत घालतो, पीठ पाहतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र वाटते, "या रकान्याची सूची तर आहे, मग एवढा वेळ का?"

याचा खर्च दुहेरी होतो. पहिला, सगळ्या ओळी वाचण्याचा. दुसरा, प्रत्येक ओळीसाठी चक्की फिरवण्याचा. आकडेमोड करून पाहू. समजा, एका सेकंदाचे एक लाख भाग केले आणि चक्कीच्या एका फेऱ्याला त्यातला एकच भाग लागतो. फारच थोडा वेळ! पण १० लाख ओळी असतील तर १० सेकंद झाले. आता समजा, त्या फंक्शनच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, म्हणजे ते प्रत्येक वेळी दुसऱ्या तक्त्यात जाऊन काही पाहून येते आणि त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तर १० लाख ओळींना १००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद लागतील. दवाखान्याच्या खिडकीपाशी एखादी आजी उभी आहे, मागे रांग लागली आहे आणि पडद्यावर गोल चक्र फिरते आहे. अडकलेली क्वेरी म्हणतात ती हीच. फोन रात्री दोन वाजता का येतो, हेही आता ध्यानात आले असेल.

यात त्या त्या डेटाबेसच्या घरच्याही काही रीती आहेत. ओरॅकल या डेटाबेसमध्ये प्रश्न सोडवणारा कारागीर एका खोलीत असतो आणि त्याच्या पीएल-एसक्यूएल भाषेत लिहिलेले फंक्शन चालवणारा दुसऱ्या खोलीत. ओळीओळीला या खोलीतून त्या खोलीत जा-ये करण्यातच वेळ जातो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये, एकच उत्तर देणारे असे घरचे फंक्शन वापरले की ते काम अनेक प्रोसेसरांत वाटून दिले जात नसे. यंत्रात सोळा कामकरी असले तरी एकच राबे आणि बाकीचे पाहत बसत. २०१९ च्या आवृत्तीपासून अशी बरीच फंक्शने उकलून प्रश्नातच मिसळण्याची सोय झाली, पण सगळीच फंक्शने उकलता येत नाहीत.

शिवाय आणखी एक गोम आहे. प्रश्न सोडवण्याआधी डेटाबेस मनाशी आराखडा आखतो की या अटीतून साधारण किती ओळी निघतील, मग कोणती वाट धरावी. बंद पेटीतून किती ओळी निघतील हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तो अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर वाटही चुकते.

पहिला उपाय : प्रश्न उलटा करून विचारा

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय सगळ्यांत स्वस्त आणि आम्हाला सगळ्यांत आवडणारा.

समजा, एका मोठ्या शाळेला आज १० वर्षांची असलेली मुले हवी आहेत. तक्त्यात जन्मतारीख आहे आणि जन्मतारखांची सूचीही आहे. कुणीतरी 'वय काढा' असे फंक्शन लिहिले आणि विचारले, "ज्यांचे वय १० येते ती मुले द्या." झाले! आता प्रत्येक मुलाचे वय काढत बसावे लागणार.

हाच प्रश्न उलटा करा. १५ जून २०२५ या दिवशी १० वर्षे पूर्ण झालेली, पण ११ न झालेली मुले कधी जन्मलेली असतील? १६ जून २०१४ ते १५ जून २०१५ या काळात. मग सरळ विचारा, "या दोन तारखांच्या मध्ये जन्मलेली मुले द्या." गणित एकदाच झाले, तेही आपल्या बाजूला. तक्त्यातल्या तारखेला हातही लावला नाही. आता सूची कामी येते. पहिली तारीख गाठायची आणि तिथून दुसऱ्या तारखेपर्यंत ओळीने उचलत जायचे.

नियम ध्यानात ठेवायला सोपा आहे. रकान्याला चक्कीत घालू नका, घालायचेच तर आपल्या प्रश्नाला घाला. सूचीचा उपयोग करता येईल अशा अटीला या धंद्यात 'सार्जेबल' असे मजेदार नाव आहे. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' नावाचा डेटाबेस तयार झाला. त्याच्याविषयी पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली लिहिलेल्या निबंधात हा शब्द आहे. डेटाबेस आपली वाट कशी निवडतो, याचा पाया त्या निबंधाने घातला.

दुसरा उपाय : पिठाचीच सूची लावा

सगळेच प्रश्न उलटे करता येत नाहीत. "जून महिन्यात वाढदिवस असलेली मुले द्या" हा प्रश्न घ्या. जून २०१४, जून २०१५, जून २०१६ असे जून दरवर्षी येतात, एका सलग काळात ते बसत नाहीत. 'कर' ने संपणाऱ्या आडनावांचेही तसेच. मग काय करावे?

दाण्यांऐवजी पिठाची सूची लावावी! म्हणजे प्रत्येक मुलाचा महिना एकदाच काढून ठेवायचा आणि सूची लावायची ती महिन्यांची. आडनावांच्या बाबतीत युक्ती अशी की आडनाव उलटे लिहायचे. तेंडुलकर उलटे केले की रकलडुतें. गावसकर होतात रकसवगा. मंगेशकर होतात रकशगेमं. उलट्या नावांची सूची लावली, की सगळे 'कर' 'रक' होऊन एका जागी शेजारी शेजारी येऊन बसतात. खोटे वाटत असेल तर करून पहा.

ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे आणि ती आपण राहतो त्या अमेरिकेतच घडली, म्हणून तिची गोष्ट सांगतो.

१९३५ साली इथे सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. ६५ वर्षे झालेल्यांना निवृत्तिवेतन मिळणार होते, पण वय सिद्ध कसे करायचे? १८६०-७० च्या सुमारास जन्मलेल्या पुष्कळांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. पुरावा सापडण्यासारखा होता तो जुन्या जनगणनेच्या वह्यांत. "१८८० साली अमुक घरी अमुक नावाचे मूल होते, वय इतके," असे तिथे लिहिलेले होते. पण वह्या होत्या गावांच्या आणि मोहल्ल्यांच्या क्रमाने. शिवाय नावाचे स्पेलिंग ज्याने जसे ऐकले तसे लिहिलेले. एकच आडनाव दहा तऱ्हांनी! नाव सापडले नाही तर म्हाताऱ्या माणसाच्या हक्काच्या पैशांची अडचण.

याला तोड निघाली ती साउंडेक्स नावाच्या रीतीतून. रॉबर्ट रसेल आणि मार्गारेट ओडेल यांनी ती तयार केली आणि तिचे पहिले पेटंट १९१८ साली मिळाले. स्पेलिंगपेक्षा उच्चाराकडे पाहून आडनावाला एक खूण द्यायची, अशी ही कल्पना. एक इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे, एवढीच ती खूण. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेतल्या कामगारांनी जुन्या जनगणनेतल्या घरांची हाताने कार्डे लिहिली आणि ती साउंडेक्सच्या खुणेप्रमाणे लावली. १८८० च्या जनगणनेतली फक्त तीच घरे घेतली, ज्यांत १० वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल होते. का बरे? १८८० साली १० वर्षांचे असलेले मूल १९३५ साली बरोबर ६५ वर्षांचे होते. करा वजाबाकी!

म्हणजे पहा, फंक्शन एकदाच चालवले, उत्तर कार्डावर लिहिले आणि कार्डे त्या उत्तराच्या क्रमाने लावली. नंतर कुणी आले, की त्याच्या आडनावाची खूण काढायची आणि थेट त्या कप्प्यात हात घालायचा.

डेटाबेसमध्ये ही सोय पुढे आली. ओरॅकलने १९९९ साली '८ आय' या आवृत्तीत फंक्शनच्या उत्तरावर सूची लावू दिली. पोस्टग्रेसमध्ये आणि, २०१५ पासून, एसक्यूलाइटमध्ये ती करता येते. मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली ८.०.१३ या आवृत्तीत ती आली. मात्र मायएसक्यूएलमध्ये त्या सूचीसाठी घरी बनवलेले फंक्शन चालत नाही, डेटाबेसची स्वतःचीच फंक्शने लागतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये उत्तराचा वेगळा रकाना करून त्यावर सूची लावतात.

एक पक्की अट

पिठाची सूची लावायला एक अट आहे आणि ती मोडली तर घात होतो. त्याच दाण्याचे पीठ आज, उद्या आणि दहा वर्षांनीही तेच पडले पाहिजे. १२ मार्च या तारखेचा महिना मार्च, तो कधी बदलणार नाही. पण वय? वय दर वाढदिवसाला बदलते. आज वयाची सूची लावून ठेवली तर उद्याच ती शिळी होईल. १० वर्षांच्या कप्प्यात ११ वर्षांची मुले बसून राहतील आणि संगणक बिनदिक्कत चुकीचे उत्तर देईल. म्हणूनच वयासाठी पहिला उपाय वापरायचा, हा नव्हे.

पोस्टग्रेस अशा सूचीसाठी फंक्शनवर 'इम्यूटेबल' असा शिक्का मागतो, म्हणजे न बदलणारे. ओरॅकल 'डिटर्मिनिस्टिक' असा मागतो. शिक्का नसेल तर सूची करू देत नाही. पण शिक्का खरा की खोटा, हे तपासत बसत नाही. लिहिणाऱ्याने शब्द दिला, त्याने विश्वास ठेवला. पुढे कुणी त्या फंक्शनचा नियमच बदलला, तर आधीच्या नोंदी जुन्या नियमाच्याच राहतात. म्हणून नियम बदलला की सूची पुन्हा नव्याने बांधायची.

हे नुसते भीती घालणे नव्हे. २०१८ साली लिनक्समधल्या जीलिबसी नावाच्या मूळ ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. ज्यांनी यंत्र नवे केले पण डेटाबेसच्या जुन्या सूच्या तशाच ठेवल्या, त्यांच्या सूच्या बिघडल्या. नाव तक्त्यात आहे, पण सूचीतून शोधले तर "नाही" असे उत्तर! शब्दकोशातली पाने जुन्या क्रमाने आणि शोधणारा नव्या क्रमाने, मग शब्द सापडणार कसा? मंद उत्तर त्रास देते, पण ते मंद आहे हे दिसते तरी. चुकीचे उत्तर चटकन मिळते आणि कुणाला संशयही येत नाही.

तिसरा उपाय : आधी निवडा, मग दळा

कधीकधी प्रश्न उलटाही करता येत नाही आणि फंक्शन रोज बदलणारे असते. तेव्हा दळायचे दाणे कमी करावेत. आजी भाजी घेताना आधी कोवळी भेंडी कुठल्या टोपलीत आहे ते पाहते, मग त्या टोपलीतलीच एकेक मोडून पाहते. सगळ्या बाजारातली भेंडी मोडत बसत नाही. तसेच प्रश्नात गाव, वर्ष अशी साधी अट घालावी, जिला सूची आहे. तिच्यातून चाळीस ओळी उरल्या, तर चाळीसच वेळा फंक्शन चालेल आणि ते कितीही मंद असले तरी कुणाला कळणारही नाही. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन किती महाग आहे हे सांगताही येते. काहीच सांगितले नाही, तर घरी लिहिलेल्या साध्या फंक्शनचा भाव तो १०० धरतो आणि आपल्या पोटातल्या फंक्शनचा १. म्हणजे स्वस्त अटी आधी आणि महाग मागून.

उपाय करण्याआधी आणि केल्यानंतर एक काम जरूर करावे, ते म्हणजे डेटाबेसलाच "तू कोणत्या वाटेने जाणार?" असे विचारणे. 'एक्स्प्लेन' म्हटले की तो आपला आराखडा दाखवतो. तिथे सगळा तक्ता वाचणार असे दिसले की समजावे, सूची कामी येत नाही.

सूची फुकट मिळत नाही

मग प्रत्येक गोष्टीची सूची का लावू नये? कारण तिचाही खर्च असतो. नवी ओळ आली की प्रत्येक सूचीत तिची जागा शोधून नोंद करावी लागते, पिठाची सूची असेल तर चक्कीही फिरवावी लागते. जागा लागते ती वेगळीच. आणि लहान यादीला सूची हवीच कशाला? साठ मुलांचा हजेरीपट वरून खाली वाचायला कितीसा वेळ लागतो! अर्ध्याहून अधिक ओळी हव्या असतील तेव्हाही सरळ सगळे वाचून काढणेच बरे. अर्धे पुस्तक वाचायचे असेल तर शेवटची शब्दसूची कोण उघडतो?

आपल्या आडनावांचे काय?

आता आपल्या घरची गोष्ट. देवनागरीत आपले आडनाव एकाच तऱ्हेने लिहितात, पण इंग्रजीत ज्याला जसे सुचले तसे. पासपोर्टवर एक स्पेलिंग, दवाखान्यात दुसरे, वाचनालयात तिसरे. मग खिडकीवरची बाई म्हणते, "तुमचे नावच नाही." नाव असते, पण दुसऱ्या कप्प्यात.

साउंडेक्स आपल्याला किती उपयोगी पडेल? दीक्षित घ्या. कुणी डी-आय-एक्स-आय-टी लिहितो, कुणी डी-आय-के-एस-एच-आय-टी. दोन्हींची खूण डी-२३० येते. शाबास! पण फडके पी-एच ने लिहिले तर खूण पी-३२० आणि एफ ने लिहिले तर एफ-३२०, कारण पहिले अक्षर जसेच्या तसे राहते. वागळे डब्ल्यूने एका कप्प्यात, व्हीने दुसऱ्या. उलट जोशी आणि जोग या अगदी वेगळ्या घराण्यांना साउंडेक्स एकाच कप्प्यात कोंबते, दोघेही जे-२००! म्हणून कप्पा सापडला तरी आतले नाव डोळ्यांनी ताडून पाहावेच लागते.

ही रीत इंग्रजी कानांसाठी केलेली आहे. मराठी कानांसाठी वेगळे फंक्शन लिहायला हवे: डब्ल्यू आणि व्ही एकच धरा, पी-एच आणि एफ एकच धरा, दुहेरी ई आणि आय एकच धरा. ते एकदा नीट लिहावे, त्याचे नियम पक्के करावेत आणि मग त्याच्या उत्तरावर सूची लावावी. फंक्शन लिहिणारे आई-बाबा आपल्यात आहेत. आडनावांचे उच्चार सांगायला आजी-आजोबा आहेत. आणि एकाच नावाची किती स्पेलिंगे होतात, हे तुम्हा मुलांना शाळेत रोज कळतेच. तेव्हा तिघांनी मिळून कागदावर नियम लिहून आणावेत. आम्ही ते वर्गाच्या फळ्यावर लावू.

करून पहा

साउंडेक्सचे नियम असे. आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर तसेच ठेवा. पुढच्या अक्षरांना आकडे द्या: बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी, टी यांना ३, एल ला ४, एम, एन यांना ५, आर ला ६. ए, ई, आय, ओ, यू, वाय, एच, डब्ल्यू यांना आकडा नाही. एकाच आकड्याची अक्षरे लागून आली, किंवा त्यांच्या मध्ये फक्त एच वा डब्ल्यू असेल, तर आकडा एकदाच घ्या. पहिल्या अक्षरालाही हा नियम लागू. मध्ये स्वर आला तर मात्र पुन्हा घ्या. तीन आकडे झाले की थांबा, कमी पडले तर पुढे शून्ये लिहा.

१. गोखले, देशपांडे आणि क्षीरसागर यांच्या खुणा काढा. क्षीरसागर के-एस-एच ने सुरू करा.
२. स्वतःच्या आडनावाची खूण काढा. वर्गात तुमच्याच कप्प्यात आणखी कोण आहे?
३. घरातल्या सगळ्यांच्या वाढदिवसांची कार्डे करून ती महिन्यांप्रमाणे लावा. ही दाण्यांची सूची की पिठाची?

उत्तरे : गोखले जी-२४०, देशपांडे डी-२१५, क्षीरसागर के-६२२. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, पिठाची. दुसऱ्याचे उत्तर पुढच्या रविवारी तुम्हीच आम्हाला सांगा.